आठ दिवस नाव घालून बघा

चप्पल घेताना माणूस दुकानातच चार पावलं चालून बघतो. अंगठा चावतोय का, टाच घासतेय का, याची खात्री करतो. आणि नाव बदलायला आलेला माणूस म्हणतो, आत्ताच्या आत्ता टाइप करा, मला साडेतीनची गाडी पकडायचीय!

हे नाववाल्यांचं ठरलेलं बोलणं. एवढं बोलून झालं की ते टाइपरायटरवर आपला जुना रेनकोट टाकायचे, म्हणजे यंत्र बंद, आणि म्हणायचे, "आठ दिवस नाव घालून बघा. चावलं नाही तर या."

रत्नागिरीच्या कचेरीच्या पडवीत तेव्हा अर्ज लिहून देणाऱ्यांची चार-पाच टेबलं असायची. बाकीचे लोक सातबाऱ्याचे, दाखल्यांचे, वारसाचे, हवे ते अर्ज लिहून देत. नाववाले फक्त नावाचं काम करीत. प्रतिज्ञापत्र टाइप करायचं, साहेबांपुढं सही करून घ्यायची, फॉर्म भरून मुंबईला सरकारी छापखान्यात पाठवायचा, आणि राजपत्रात नाव छापून आलं की त्या ओळीखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारून अंक हातात द्यायचा. दुसरं काही काम घेऊन कुणी गेलं तर तोंडानं काही न बोलता शेजारच्या टेबलाकडे बोट करायचे. एकदा एका वकिलाने स्वतः येऊन भाडेपट्टा टाइप करायला सांगितला, तर त्यालाही बोटच दाखवलं.

कचेरीतनं निवृत्त झालेला, उंच, वाळका माणूस. डोक्यावर काळी टोपी, पांढरा सदरा, धोतर, आणि धोतराखाली पोरं पी.टी.ला घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. मला वाटायचं पाय दुखत असतील. पण ते बूट कामाचे होते. ते घालून चाललं की आवाज होत नाही.

कारण आठ दिवस झाले की परीक्षा असायची. माणूस बाजारात कधी जातो, चहा कुठं पितो, हे नाववाले आधीच बोलता बोलता काढून घ्यायचे. आठव्या दिवशी कधीतरी त्याच्या मागं जाऊन उभे राहायचे आणि नव्या नावानं खणखणीत हाक मारायचे. वळला तर पास. नाही वळला तर आणखी आठ दिवस. मिरकरवाड्याला मासळीच्या लिलावात ते एका खलाशामागं असेच जाऊन ओरडले. तो दचकून बर्फाच्या ढिगात बसला. पण वळून बसला, म्हणून पास.

खेडकडचा एक तरुण मुंबईच्या गिरणीत कामाला होता. त्याचं नाव केरू. गिरणीतली पोरं चिडवतात म्हणून त्याला सिनेमातल्यासारखं नाव हवं होतं. त्याच्या परीक्षेला नाववाले स्वतःचं तिकीट काढून खेडच्या स्टँडवर गेले. पोरगा चहा पीत उभा होता. यांनी मागून नव्या नावानं हाक मारली. एक केळीवाला वळला. पुन्हा मारली. केळीवाला म्हणाला, "अहो, बोला की काय ते!" पोरगा आपला चहा पितोय. मग यांनी हळूच म्हटलं, "केरू." तर कप सांडून वळला.

तिथंच बाकावर बसून नाववाल्यांनी त्याला समजावलं. कोकणात आधीची मुलं जगली नाहीत की नव्या बाळाला केरावर लोळवायचं आणि केरू म्हणायचं. म्हणजे यमाला वाटावं हा कचरा आहे, कशाला न्यायचा. "तुमच्या आईनं प्रत्यक्ष यमाला गंडवलंन् या नावानं," नाववाले म्हणाले, "आणि तुम्ही गिरणीतल्या चार पोरांना घाबरता?" तो केरूच राहिला. पुढं दर गणपतीला गावी आला की वाट वाकडी करून नाववाल्यांना भेटून जायचा.

ही गोष्ट ऐकून सगळे हसायचे, मला हसू यायचं नाही. कारण माझं नाव यमाला गंडवायला ठेवलेलं नव्हतं. ते खरंच होतं.

मी जतकडची. आमच्याकडे मैलमैल चाललं तरी हिरवं झाड दिसायचं नाही. आईला तीन मुलींवर मी चौथी झाले. अशा वेळी आमच्या भागात मुलीचं नाव नकुसा ठेवतात. नको असलेली. तसं नाव ठेवलं की देवाला कळतं आणि पुढचा मुलगा होतो म्हणे. शाळेच्या दाखल्यावरही तेच. पाचवीत शाळा सुटली, सोळाव्या वर्षी लग्न झालं. आमचे हे एसटीत मेकॅनिक. त्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि आम्ही मांडवीला एका मासेवाल्या काकीच्या घरात दोन खोल्या घेतल्या.

पहिल्याच दिवशी काकी दारात टोपली उतरवत म्हणाली, "काय गो, नाव काय तुझा?"

मी म्हटलं, "मालती."

कसं तोंडातनं गेलं मला माहीत नाही. मालती माझ्या शेजारी बसायची चौथीत, दोन वेण्या, लाल रिबिनी. बाई तिला हाक मारायच्या तेव्हा मी मनातल्या मनात 'हजर' म्हणायची. इतक्या लांब, जिथं मला ओळखणारं कुत्रंसुद्धा नाही, तिथं ते नाव आपोआप बाहेर पडलं. आमचे हे मागं ट्रंक घेऊन उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि ट्रंक आत ठेवली. रात्री फक्त एवढं म्हणाले, "बरं हाय." त्यांनी मला जन्मात नावानं हाक मारली नाही, 'अगं' म्हणायचे, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही.

सहा वर्षं मी मालती होते. आणि सहा वर्षं दारावर पोस्टमन आला तरी मी दाराआड व्हायची. वाटायचं, आता कुणीतरी विचारणार, ही कोण?

मग सरकारी दवाखान्यात आयांच्या जागा निघाल्या. चौथी पास पाहिजे. मी अर्ज केला मालती म्हणून, आणि माझी निवडही झाली. पण दाखला दाखवल्याशिवाय घेणार कसे? कारकून भला माणूस. म्हणाला, "बाई, नावात फरक असेल तर राजपत्रात छापून आणा. दोन महिने थांबतो." आणि त्यानंच नाववाल्यांचं टेबल सांगितलं.

तीन दिवस मी कचेरीच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. चौथ्या दिवशी टेबलापुढं उभी राहिले आणि दाखला उलटा करून ठेवला. नाववाल्यांनी तो उचलून वाचला. मोठ्यानं नाही वाचला. पुन्हा उलटा ठेवला.

"नवीन काय हवं?"

"मालती."

"कधीपासून घालता?"

"सहा वर्षं." आणि मग मला राहवलंच नाही. "मला धरतील का हो?"

"कोण?"

"पोलीस. खोटं नाव सांगितलं म्हणून."

"कुणाला सांगितलंत?"

"घरमालकिणीला. काकीला."

"त्यांचं काय लुबाडलंत?"

मी विचार केला. "काही नाही. उलट त्याच रोज कालवणाला मासे देतात."

"ते मालती नाव आहे म्हणून देतात?"

"नाही... मला करता येत नाहीत म्हणून त्या करूनच देतात."

"मग पोलीस येऊन काय करतील? जेवून जातील."

मला हसू आलं, पण भीती गेली नव्हती. म्हटलं, "ते नाव माझ्या वर्गातल्या मुलीचं आहे. मी तिचं घेतलं."

"अस्सं. म्हणजे ती बिचारी आता नावाशिवाय हिंडत असेल." एवढं बोलून ते उठले. "जरा पाणी पिऊन येतो."

मी दाखल्याकडे बघत बसले. आता हा माणूस आत जाऊन साहेबाला सांगणार, साहेब शिपायाला सांगणार. कुणी मागं आलेलं मला कळलंसुद्धा नाही.

"मालती!"

मी अशी वळले की माझी पिशवी खाली पडली.

"पास," नाववाले म्हणाले. "सहा वर्षं वापरलेली चप्पल. आठ दिवस कशाला?" त्यांनी रेनकोट काढून घडी घातली, तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले, सदऱ्याला पुसले आणि यंत्रात कागद घातला. नाव टाइप करण्याआधी ते नेहमी हात धूत. मग दोन बोटांनी दोन ओळी टाइप करून थांबले. "आता एक करा. त्या काकींना घेऊन या. तुम्हाला या गावात ओळखणारं माणूस शेजारी उभं असल्याशिवाय मी कुणाला साहेबांपुढं नेत नाही."

हा काही सरकारी नियम नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. मी पुष्कळ विनवण्या केल्या. ते म्हणाले, "बाई, सरकारला पटवायला एक कागद पुरतो. घरमालकिणीला तुम्हीच पटवायला हवं."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकी अंगणात सुकट निवडत बसली होती. मी समोर बसून निवडू लागले. कचरा तिच्या सुपात आणि सुकट बाहेर टाकतेय हे मला कळेना. काकीला कळलं.

"काय झाला गो? पोटात दुखतंय?"

मी सगळं सांगून टाकलं. नकुसा हे नाव आईच्या घरातून निघाल्यावर पहिल्यांदाच माझ्या तोंडातनं निघालं होतं. काकीचा हात थांबला.

"म्हणजे सहा वर्सां माझ्या घरात खोटा नाव?"

मी सुकट निवडतच राहिले. आता खोल्या सोडायच्या, एवढंच डोक्यात.

"मेले, म्हणजे मी तुला सहा वर्सां शिव्या घातल्या त्या सगळ्या त्या दुसऱ्या मालतीला लागल्या? तुला एक पण नाय लागली?" आणि ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसणं आटपल्यावर तिनं विचारलं, "तुझ्या पाठीवर झाला काय मग मुलगा?"

"झाला."

"काय करतो तो?"

"काय नाही. पारावर बसतो."

काकीचं सूपच उलटलं. सगळी सुकट अंगणात, आणि आम्ही दोघी ती वेचतोय आणि हसतोय. मी इतकी हसले की शेवटी रडले. काकी म्हणाली, "रडू नको गो, सुकट खारीच असते, आणि खारवू नको."

साहेबांपुढं जायच्या दिवशी काकी लिलावावरनं थेट आली, टोपली डोक्यावरच. नाववाल्यांची रीत अशी की प्रतिज्ञापत्र पूर्ण वाचून दाखवायचं, तेही सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात. "मी, खाली सही करणार, राहणार मांडवी, रत्नागिरी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की..." खोलीत दहा-बारा माणसं होती. आता येणार ते नाव. "...माझे जन्मापासूनचे नाव..." आणि नाववाल्यांना खोकला आला. असा खोकला की टोपी हलली. साहेबांनी पाण्याचा पेला पुढं केला. त्यांनी पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि पुढच्या ओळीपासून वाचायला लागले. खाली आणखी एकदा ते नाव होतं, तिथं आणखी एकदा खोकला.

साहेब म्हणाले, "अहो, औषध घ्या काहीतरी."

नाववाले म्हणाले, "दोनच ठिकाणी येतो, साहेब. आता नाही येणार."

साहेबांनी कागद स्वतःच मनात वाचला, मग माझ्याकडे बघून हळू आवाजात विचारलं, "ही दोन्ही नावं तुमचीच ना?" मी हो म्हटलं. काकी दारातनं म्हणाली, "तिचीच ती. मी सांगते ना!" तिला कुणी विचारलंही नव्हतं.

राजपत्राचा अंक दीड महिन्यानं आला. लाल रेघेवरची ओळ मी दोनदा वाचली. आधी जुनं नाव, मग नवीन नाव. दोन्ही शेजारी शेजारी, छापील. म्हटलं, "हे काय हो? हे तर आता कायमचं राहिलं!"

"राहणारच," नाववाले म्हणाले. "पण कुठं राहिलं ते बघा. इतकी वर्षं ते तुम्ही एकटीनं सांभाळलंत, कुणाला दिसू नये म्हणून. आता ते सरकार सांभाळील, कपाटात. तुम्ही मोकळ्या हातानं कामाला जा."

मी कामाला लागले. दवाखान्यात हजेरीला माझं नाव पुकारलं की मी 'हजर' म्हणायची, मोठ्यानं. बाकीच्या आया हसायच्या. त्यांना काय माहीत, मी हे चौथीपासून म्हणत होते.

पण नाववाल्यांनी माझी फाइल बंद केली नव्हती. रस्त्यात भेटले की पलीकडच्या बाजूनं पूर्ण नावानं हाक मारायचे, जवळ यायचे आणि विचारायचे, "माहेरी कळवलंत?"

"नाही."

"अर्धं काम राहिलंय," असं म्हणून कॅनव्हासचे बूट निघून जायचे.

खरंच नव्हतं कळवलं. पत्रं आमच्या यांच्या नावानं यायची, त्यात मला 'ताईस आशीर्वाद' एवढंच. आईला काय वाटेल याची मला पोलिसांपेक्षा जास्त भीती होती. दिलेलं नाव टाकलं म्हणजे देणाऱ्यांना टाकलं, असं तिला वाटलं तर? त्या भीतीनं मी दोन वर्षं गावाला गेले नाही. काहीतरी निमित्त सांगायची.

मग भावाचं लग्न ठरलं. आमच्याकडे लेकीला आमंत्रण पत्रानं देत नाहीत, कुणीतरी जाऊन अक्षता द्याव्या लागतात. भाऊ पारावरनं उठेना, म्हणून आईच निघाली. जन्मात सांगलीच्या पुढं न गेलेली बाई, दोन गाड्या बदलून, आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या स्टँडवर येऊन उभी राहिली. पुढचं मला नंतर तिनं आणि नाववाल्यांनी मिळून सांगितलं.

आई डेपोत गेली. जावई ब्रेकडाऊनच्या गाडीबरोबर हातखंब्याला गेलेले. मग तिनं लेकीची चौकशी केली. "माजी ल्येक हितं ऱ्हाती. नकुसा."

डेपोतला माणूस म्हणाला, "आजी, त्यांच्या बायकोचं नाव मालती. दवाखान्यात आहे कामाला."

"आवं न्हाई. नकुसा."

"मालती. मी त्यांच्या घरी जेवलोय, आजी. दुसरी कोणी नाय तिथं."

आई मटकन खाली बसली आणि तिनं गळा काढला. जावयानं दुसरी केली! माझ्या लेकीला टाकली! दोन वर्सं ती गावाला आली नाही ती का, हे आता तिला कळलं होतं. अख्खा डेपो गोळा झाला. आमचे हे तिकडे हातखंब्याला गाडीखाली झोपलेले, आणि इकडे त्यांच्या नावानं असं चाललेलं. शेवटी कुणीतरी म्हणालं, "नावाचा घोळ दिसतोय. म्हातारीला नाववाल्यांकडे न्या."

नाववाल्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, कपाटातनं माझ्या अंकाची प्रत काढली आणि ओळीवर बोट ठेवलं. आईला वाचता येत नव्हतं. म्हणून त्यांनी सांगितलं. तिनं त्या ओळीवरनं एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "त्ये नाव म्या न्हवतं ठिवलं. सासूनं ठिवलं. मला कुनी इचारलं व्हय?"

"तेव्हा नसेल विचारलं," नाववाले म्हणाले. "आता मी विचारतो. लेकीला कोणत्या नावानं हाक मारणार?"

त्यांनी यंत्रावर रेनकोट टाकला आणि दोघं चालत निघाली. आठ दिवस नव्हते. कचेरीपासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता होता, तेवढ्यात त्यांनी आईकडनं घोकून घेतलं.

मी दवाखान्याच्या मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होते. चार चादरी झाल्या होत्या, पाचवी झटकत होते.

"मालतेऽऽ!"

आमच्या माळावर एका बांधावरनं दुसऱ्या बांधावर पोचणारा आवाज. तो आवाज आणि ते नाव मी कधी एकत्र ऐकलं नव्हतं. मी वळले. चादर खाली गेली, मातीत. समोर आई, डोक्यावर पदर, हातात अक्षतांची पुडी. तिच्या मागं कॅनव्हासचे बूट.

नाववाले आईकडे बघून म्हणाले, "पास."

आई तिथंच उभी. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत होती, गणवेशाच्या पांढऱ्या साडीकडे, पायातल्या चपलांकडे. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "जावयानं दुसरी केली म्हनून रडत आले गं मी. आन् ती दुसरी बी तूच निगालीस."